तोल सांभाळणारा कान

दवाखान्यात नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारींची यादी केली, तर ताप, खोकला आणि सांधेदुखीच्या पाठोपाठ 'चक्कर येते' ही तक्रार येईल. गंमत अशी की शब्द एकच असला, तरी तो उच्चारणारी दहा माणसे दहा वेगळ्या गोष्टी सांगत असतात. कोणाच्या डोळ्यांसमोर अंधारी येते, कोणाचे डोके हलके होते, कोणाचा चालताना झोक जातो, कोणाला उपाशीपोटी हातपाय गळाल्यासारखे वाटते. आणि कोणाला मात्र खरोखरच छप्पर, पंखा, समोरची भिंत गरगर फिरताना दिसते. आमच्याकडचा पेशंट मालवणीत सरळ सांगतो, "डॉक्टरांनू, कुशीर वळलंय की घर फिराक लागता." या एका वाक्यात निम्मे निदान झालेले असते. आज आपण बोलणार आहोत ते या घर फिरण्याविषयी, आणि एरवी ज्याच्यामुळे ते फिरत नाही त्या अवयवाविषयी.

हा अवयव कानात असतो असे सांगितले की समोरचा माणूस जरा संशयाने पाहू लागतो. कान ऐकण्यासाठी, चक्कर डोक्याची, असा आपला सरळ हिशेब असतो. शाळेत बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण असे कानाचे तीन भाग आपण पाठ केले, अर्धवर्तुळाकार नलिकांची आकृतीही काढली. पण परीक्षेनंतर लक्षात राहिला तो पडदा आणि आतला शंखासारखा भाग. त्या शंखाला लागूनच, कानशिलामागच्या अत्यंत टणक हाडात कोरलेल्या पोकळीत, दोन्ही बाजूंना तोल सांभाळणारी ही यंत्रणा असते. तिचा ऐकण्याशी संबंध नाही. ठार बहिऱ्या माणसाचीही ती शाबूत असू शकते आणि तीक्ष्ण कानाच्या माणसाचीही बिघडू शकते.

पातेल्यातले पान

या यंत्रणेत प्रत्येक बाजूला तीन नलिका असतात. प्रत्येक नलिकेचे कडे हरभऱ्याच्या दाण्याभोवती बसेल एवढेच. आपण खोलीच्या कोपऱ्यात पाहिले तर दोन भिंती आणि जमीन एकमेकींना काटकोनात मिळालेल्या दिसतात. या तीन नलिकाही साधारण तशाच एकमेकींना काटकोनात असतात. त्यामुळे डोके 'नाही' म्हणून हलवा, 'होय' म्हणून हलवा किंवा खांद्याकडे झुकवा, कोणती ना कोणती नलिका ती हालचाल पकडतेच.

ती कशी पकडते, हे घरी करून पाहता येईल. एका पातेल्यात पाणी घेऊन वर तुळशीचे पान सोडा आणि पातेले जागच्या जागी चटकन थोडे फिरवा. पातेले फिरते, पान मात्र बहुतांशी होते तिथेच राहते, कारण पाणी मागे रेंगाळते. नलिकांमध्येही असाच द्रव भरलेला असतो. डोके उजवीकडे वळले की नलिका डोक्याबरोबर वळते आणि द्रव मागे पडतो. नलिकेच्या एका फुगीर टोकाशी जेलीसारखा मऊ पडदा आडवा उभा असतो. मागे पडलेला द्रव त्याला दाबतो आणि पडद्यात रुतलेले पेशींचे सूक्ष्म केस वाकतात. केस एका बाजूला वाकले की मेंदूकडे जाणारे संदेश वाढतात, विरुद्ध बाजूला वाकले की कमी होतात.

येथे एक गोष्ट विशेष आहे. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ही मज्जातंतूंची तार गप्प नसते. माकडांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की स्वस्थ असताना एकेक तंतू सेकंदाला सुमारे ९० संदेश पाठवत असतो. दोन्ही कानांकडून सारखे संदेश येतात, तोवर मेंदू समजतो की डोके स्थिर आहे. उजवीकडे वळताच उजवीकडचे संदेश वाढतात, डावीकडचे घटतात. गाडीला जुंपलेल्या बैलजोडीसारखेच हे आहे. दोघे सारख्या जोराने ओढतात तोवर गाडी सरळ जाते. एक बैल मध्येच बसला तर गाडी एका अंगाला वळते, मग गाडीवानाच्या मनात वळायचे असो वा नसो. एका कानाची तार अचानक बंद पडली की मेंदूची हीच गत होते. माणूस अंथरुणात निपचित पडलेला असतो आणि मेंदू मात्र ठामपणे सांगत असतो की आपण गरगर फिरत आहोत.

फुगडीचेही उत्तर या पातेल्यातच आहे. पातेले बराच वेळ फिरवत राहिले की हळूहळू पाणीही त्याच वेगाने फिरू लागते. मग पातेले एकदम थांबवले तर पाणी फिरतच राहते. गौरी-गणपतीत फुगडी घालून थांबलेल्या मुली खिदळत भिंतीला टेकतात, त्या वेळी पाय थांबलेले असतात, कानातला पडदा मात्र उलट्या बाजूला वाकलेला असतो. तो जागेवर येईपर्यंत काही सेकंद जातात, आणि मेंदू ती जाणीव आणखी थोडी लांबवतो. पंधरावीस सेकंदांत सारे शांत होते.

नलिका फक्त वळणे ओळखतात. सरळ रेषेतली गती, म्हणजे एस.टी. सुटताना मागे रेलणे, ब्रेक लागताच पुढे जाणे, लिफ्टचे वर-खाली होणे, आणि डोके किती कललेले आहे हे कळण्यासाठी नलिकांच्या तळाशी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू ज्याचा असतो त्याच पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. डोके कलले की हे जड कण खाली ओढले जातात, थर सरकतो आणि केस वाकतात. किनाऱ्यावरच्या वाचकांना याचा मोठा नमुना ठाऊकच आहे. घोळ किंवा ढोमा मासा साफ करताना डोक्यात जो पांढरा खडा सापडतो, तो त्या माशाच्या कानातलाच खडा होय. त्यावरची वर्तुळे मोजून शास्त्रज्ञ माशाचे वय काढतात. आपले कण मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. हे कण ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हातातल्या कागदाचा प्रयोग

आता वाचता वाचताच एक प्रयोग करा. हा कागद हातात स्थिर धरा आणि डोके 'नाही, नाही' असे बऱ्यापैकी जोरात हलवा. अक्षरे वाचता येतील. आता डोके स्थिर ठेवा आणि कागद तितक्याच जोरात हलवा. अक्षरे पुसट होतील. दोन्ही वेळा हालचाल सारखीच होती, मग फरक कशाने पडला? पहिल्या वेळी अंतर्कर्णाने डोक्याच्या हालचालीची वर्दी डोळ्यांच्या स्नायूंना दिली आणि डोळे तेवढेच विरुद्ध दिशेला वळले. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास घडते. दुसऱ्या वेळी डोळ्यांना केवळ स्वतःच्या नजरेवर अवलंबून राहावे लागले, आणि नजरेचा कारभार संथ असतो.

ही सोय नसेल तर काय होते, याचे वर्णन एका अमेरिकन डॉक्टरनेच १९५२ साली तिथल्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवले आहे. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने घेतल्यानंतर त्याच्या दोन्ही कानांतील तोलाची यंत्रणा निकामी झाली होती. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्याने डोके जे किंचित हलते, तेवढ्यानेही त्याला अक्षरे उड्या मारताना दिसत. म्हणून पलंगाच्या उशाकडील दोन लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट अडकवून तो वाचत असे. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी त्याला थांबावे लागे.

हे औषध आपल्याकडे अनेक वर्षे टीबीच्या उपचारात सर्रास वापरले जाई. आता टीबीच्या नेहमीच्या उपचारात त्याची गरज उरलेली नाही. पण त्याच कुळातले जेंटामायसीन अजून वापरात आहे. गंभीर जंतुसंसर्गात ते प्राण वाचवते, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र वय झालेल्या किंवा मूत्रपिंडे कमजोर असलेल्या माणसाला ते देताना हिशेब ठेवावा लागतो, कारण ऐकण्यापेक्षा तोलावरच ते अधिक घाला घालते आणि गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. साध्या तापाला 'कडक इंजेक्शन' मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बंबाची युक्ती

कानाचे हे काम माणसाला फार उशिरा समजले. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लूरान्स याने कबुतरांच्या कानातील नलिका कापून पाहिल्या. जी नलिका कापावी तिच्या दिशेला कबुतर डोके फिरवू लागे. तरीही माणसाला भोवळ आली की ती मेंदूत रक्त साचल्यामुळे आली असेच डॉक्टर मानत आणि जळवा लावून रक्त काढत. १८६१ साली पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेतील डॉक्टर मेनियेर यांनी प्रथम ठासून सांगितले की कान वाजणे, ऐकू कमी येणे आणि भोवळ हे सारे मिळून अंतर्कर्णाचे दुखणे असू शकते. आजही त्या रोगाला त्यांचेच नाव आहे.

पुढची गोष्ट मला फार आवडते. व्हिएन्नामध्ये रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. पेशंटचे कान पिचकारीने धुताना काहींना चक्कर येई आणि त्यांचे डोळे झटके देत एका बाजूला सरकत. एका पेशंटने सांगितले की पाणी थंड असले की मला चक्कर येते. पुढच्या वेळी बारानींनी पाणी गरम घेतले, तर ते फारच गरम झाले. चक्कर आलीच, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेला! बारानींना लहानपणी पाहिलेली आंघोळीचे पाणी तापवण्याची भट्टी आठवली. वरचे पाणी कढत आणि तळाचे गार. आपल्या बंबातही हेच होते, गरम पाणी हलके होऊन वर चढते. कानात गरम पाणी सोडले की नलिकेतला द्रव तापून वर सरकतो, थंड पाण्याने खाली सरकतो, आणि डोके न हलताही मेंदूला वाटते की डोके फिरले. यातून एकेका कानाची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत निघाली. ती आजही वापरतात. या कामासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते महायुद्धातील कैदी म्हणून रशियाच्या ताब्यात होते. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केल्यावर १९१६ साली त्यांची सुटका झाली. पुढे १९८३ साली अवकाशयानातील अंतराळवीरांवर हाच प्रयोग केला, तर तिथेही डोळ्यांचे झटके आले. जिथे वजनच नाही तिथे गरम द्रव वर चढणार कसा? तेव्हा बंबाची युक्ती खरी असली तरी ती पूर्ण गोष्ट नव्हे.

गाडी लागणे

आमच्या आधीच्या पिढीला मुंबईहून येताना बोट लागायची, आमच्या पिढीला एस.टी. लागते. फोंडा किंवा आंबोलीचा घाट लागला की पिशव्यांची शोधाशोध सुरू होते. पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेल्याचे डोळे सांगतात की समोर सारे स्थिर आहे, कान सांगतो की आपण वळणावळणाने चाललो आहोत. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ लागत नाही आणि पोट ढवळते. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि वळण येण्याआधीच ते त्याला ठाऊक असते. म्हणून पुढच्या सीटवर बसावे, दूरवर पाहावे, फार खाऊन किंवा अगदी उपाशी निघू नये, आणि गोळी घ्यायचीच तर घाटात नव्हे, निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी.

या साऱ्याचे मूळ कानातच आहे याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नौदलाने आणि अवकाश संस्थेने अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले. त्यांपैकी बहुतेकांचा अंतर्कर्ण लहानपणी मेंदूज्वराने निकामी झालेला होता. त्यांना खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेले. प्रयोग करणारे शास्त्रज्ञ ओकून बेजार झाले आणि हे लोक मजेत पत्ते खेळत बसले.

सुटलेले खडे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अंथरुणात कूस बदलताना, उशीवर डोके टेकताना, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना किंवा केर काढायला वाकताना घर एकदम फिरते, पोटात ढवळते, आणि मिनिटाच्या आत थांबते. ही चक्कर दिवसातून अनेकदा येते, पण स्वस्थ राहिले की येत नाही. खऱ्या गरगरण्याचे सर्वात जास्त आढळणारे कारण हेच. पन्नाशीनंतर, त्यातही स्त्रियांत, ते अधिक दिसते. पिशवीतले ते खडूचे कण वयाने किंवा डोक्याला मार लागल्याने सुटतात आणि एखाद्या नलिकेत जाऊन पडतात. डोके त्या बाजूला कलले की कण नलिकेत घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि पडदा वाकवतात. कण तळाला बसले की चक्कर थांबते.

यात ना रक्तदाबाचा संबंध, ना अशक्तपणाचा, ना पित्ताचा. तरीही हे पेशंट काय काय करून आलेले असतात! सलाईन लावून झालेले असते, 'ताकदीची' इंजेक्शने झालेली असतात. आणि मानेचा एक्सरे तर असतोच. त्यात 'मणके झिजलेत', 'गॅप आहे' असे निघते आणि गळ्यात पट्टा येतो. पन्नाशीनंतर ज्याच्या मानेचा एक्सरे काढाल त्याचे मणके थोडेफार झिजलेले दिसतातच, जसे केस पांढरे होतात तसे. त्याने मान दुखेल, हाताला मुंग्या येतील, पण कूस बदलताना अर्धा मिनिट घर फिरणे हे काही मणक्याचे काम नव्हे. पट्ट्याने पेशंटला थोडे बरे वाटते, हे खरे. मान हललीच नाही तर कण तरी कसे हलणार!

आमच्या भागातल्या बासष्ट वर्षांच्या एक काकी दोन वर्षे पट्टा घालून वावरत होत्या. रात्री तीन उशा रचून, बसल्यासारख्याच झोपायच्या. उजव्या कुशीवर वळायची त्यांना इतकी धास्ती होती की त्या बाजूला तक्क्या लावून ठेवायच्या. देवळात जाणे सोडले होते, विहिरीवर एकट्या जात नव्हत्या. त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवून, मान उजवीकडे अर्धी वळवून चटकन आडवे केले. दोनचार सेकंदांत त्यांनी माझा हात घट्ट पकडला आणि त्यांचे डोळे झटके देत फिरू लागले. पंधरा सेकंदांत ते थांबले. निदान एवढ्यात होते. याला एक्सरे लागत नाही, स्कॅन लागत नाही. ही तपासणी १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी सविस्तर लिहून ठेवली आहे.

उपचारही असाच बिनखर्चाचा आहे. नलिकेत पडलेले कण डोके ठरावीक क्रमाने फिरवून पुन्हा पिशवीत आणून सोडायचे. लहान मुलांच्या खेळण्यातली गोळी डबी कलवत कलवत भोकात पाडतात तसेच. अमेरिकेतील डॉक्टर एपली यांनी ही रीत बसवली आणि १९९२ साली प्रसिद्ध केली. पेशंटला बिघडलेल्या बाजूकडे मान वळवून, डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबेल असे आडवे करतात. अर्धा-एक मिनिटाने मान दुसऱ्या बाजूला वळवतात, मग त्याच कुशीवर नाक जमिनीकडे येईल असे झोपवतात, आणि शेवटी उठवून बसवतात. पाच मिनिटांचे काम. दहापैकी सात-आठ पेशंट एक-दोन वेळांत बरे होतात. काकी पुढच्या आठवड्यात आल्या त्या पट्टा पिशवीत घालून. "डॉक्टरांनू, दोन वर्षांनी कुशीर झोपलंय," म्हणाल्या.

मोबाईलवर पाहून हे घरच्या घरी करू नये, निदान पहिल्या वेळी तरी. कान कोणता आणि नलिका कोणती हे ठरल्याशिवाय डोके फिरवण्यात अर्थ नाही, आणि मानेचे गंभीर दुखणे असणाऱ्यांना वेगळी रीत वापरावी लागते. हे दुखणे पुन्हा उद्भवू शकते, तेव्हा घाबरू नये, पुन्हा तेच करावे. २०२० साली दक्षिण कोरियात झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना 'ड' जीवनसत्त्व कमी होते, त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर हा त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण घटले. वारंवार त्रास होणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घेण्यास हरकत नाही.

गोळीचे बोट सुटत नाही

चक्करेच्या गोळ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन वगैरे गोळ्या तीव्र भोवळ आणि उलट्या होत असताना दोन-तीन दिवस घेणे योग्यच आहे. त्या कण जागेवर नेत नाहीत, फक्त जाणीव बोथट करतात. पण आपल्याकडे ती चिठ्ठी जपून ठेवली जाते आणि मेडिकलमधून गोळी वर्षानुवर्षे येत राहते. एक निवृत्त मास्तर माझ्याकडे कंपवातासाठी आले. हात थरथरत, चालणे मंद, चेहरा कोरा. औषधांची पिशवी ओतायला सांगितली, तर चक्करेची गोळी सहा वर्षे रोज दोनदा चालू होती. वयस्कर माणसांत या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. गोळी बंद केली आणि काही महिन्यांत मास्तरांची सही पुन्हा वाचता येऊ लागली.

दुसरा तोटा असा की या गोळ्या मेंदूला शिकू देत नाहीत. सर्दी-तापानंतर कधी कधी एका कानाच्या तोलाच्या मज्जातंतूला सूज येते. दोन-तीन दिवस सतत भोवळ, उलट्या, उठता येत नाही, पण ऐकू नीट येते. पुढे तो मज्जातंतू पूर्ण सुधारो न सुधारो, मेंदू हळूहळू एका बैलावर गाडी सरळ हाकायला शिकतो. मात्र त्यासाठी हिंडावे-फिरावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांना यासाठी व्यायाम लावले. भिंतीवर एक अक्षर चिकटवून त्यावरची नजर न हलवता डोके डावी-उजवीकडे मिनिटभर हलवणे हा त्यातलाच सोपा प्रकार. दिवसातून दोन-तीनदा करावा. सुरुवातीला थोडी चक्कर वाढते. ती वाढली म्हणून व्यायाम सोडू नये.

पडणे

तोल सांभाळण्यासाठी शरीराला तिघांची साक्ष लागते. कान, डोळे आणि तळपाय. तरुणपणी एकाने दांडी मारली तरी दोघे निभावून नेतात. सत्तरीत कानातल्या पेशी घटलेल्या असतात, डोळ्यांत मोतीबिंदू असतो आणि जुन्या मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतात. अशा माणसाला दिवसा काही जाणवत नाही. रात्री दिवा न लावता तो लघवीला उठतो, किंवा न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटतो, आणि तिघांतला शेवटचा साक्षीदारही जातो. खुब्याचे हाड मोडलेले बहुतेक म्हातारे-म्हाताऱ्या मला याच दोन जागा सांगतात, तिसरी म्हणजे पावसाळ्यातली शेवाळलेली पायरी. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेला वृद्ध पुन्हा पूर्वीसारखा हिंडू लागेलच असे नाही, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. न्हाणीत स्टूल आणि धरायला भिंतीत पक्का दांडा, खोलीत रात्रभर बारीक दिवा, उशाला विजेरी, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन 'पुढच्या वर्षी' वर न ढकलणे, एवढ्याला फार पैसा लागत नाही.

उठून उभे राहतानाच अंधारी येत असेल तर मात्र कानाला दोष देऊ नका. ते बहुधा रक्तदाब एकदम उतरल्याने होते, आणि त्यामागे रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या असू शकतात. गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून रक्तदाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. भोवळ तासन्‌तास टिकते, त्याबरोबर एक कान गच्च वाटतो, वाजतो आणि ऐकू कमी येते, असे वारंवार होत असेल तर कानाच्या तज्ज्ञाला दाखवावे. ते मेनियेर यांचे दुखणे असू शकते आणि त्यात मीठ कमी करण्यासही सांगतात.

आणि एक प्रकार असा आहे की ज्यात मिनिटही दवडू नये. अचानक भोवळ आली आणि तिच्याबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, गिळता येईना, डोके कधी नव्हे एवढे दुखू लागले किंवा आधार देऊनही उभे राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि आमच्या भागातून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. लिंबू-सरबत, कांदा हुंगवणे, सकाळपर्यंत वाट पाहणे यात तो घालवू नये. १०८ ला फोन करावा.

एरवी चक्करेसाठी डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी ठरवून जाव्यात. फिरते की अंधारी येते, कूस बदलताना येते की उठताना, किती सेकंद किंवा किती तास टिकते, आणि कानाला काही जाणवते का. चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. चक्कर चालू असतानाच घरातल्या कोणी मोबाईलवर पेशंटच्या डोळ्यांचे चित्रण करून ठेवले तर आम्हाला त्याचा फार उपयोग होतो, कारण डोळे कोणत्या दिशेला झटके देतात त्यावरून पुष्कळ काही ठरते. मात्र चित्रण उजेडात, जवळून करा, आणि पेशंटला डोळे मिटू देऊ नका.